सीटखालचा कुत्रा आणि हक्काचा प्रश्न

२०२० पर्यंत अमेरिकेत लहान कुत्रा विमानाच्या केबिनमध्ये सोबत न्यायचा, तर बहुतेक मोठ्या कंपन्या एका बाजूच्या प्रवासासाठी सव्वाशे डॉलरच्या आसपास शुल्क घेत. कुत्रा पिंजऱ्यात, पिंजरा सीटखाली आणि उतरेपर्यंत त्याचं दार बंद, अशी अट असे. पण त्याच मालकाकडे मानसोपचारतज्ज्ञाचं किंवा परवानाधारक समुपदेशकाचं एक पत्र असलं, की चित्र पालटायचं. शुल्क माफ, पिंजरा नको, आणि कुत्रा चांगला दांडगा असला तरी कंपनीला सहसा नकार देता येत नसे. या व्यक्तीला मानसिक आजार आहे आणि प्रवासात हा प्राणी जवळ असणं तिच्या प्रकृतीसाठी गरजेचं आहे, एवढंच त्या पत्रात लिहिलेलं असे. अशा प्राण्यांना तिकडे ‘इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल’, म्हणजे भावनिक आधाराचे प्राणी, म्हणतात. त्यांना विमानात हक्काची जागा असावी की नसावी, यावर अमेरिकेत अनेक वर्षं कडाक्याचा वाद झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारने हा हक्क काढून घेतला. तो निर्णय बरोबर होता, असं माझं मत आहे. मात्र निम्मंच काम करून सरकार थांबलं. हा सगळा वाद मानसिक आरोग्याच्या नावाने लढला गेला, पण त्याचं बरंचसं मूळ होतं पाळीव प्राण्यांच्या विमानप्रवासाच्या निकृष्ट व्यवस्थेत. ती व्यवस्था जवळपास आहे तशीच राहिली.

हा हक्क आला कुठून, ते आधी पाहू. जून १९८६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अर्धांगवायू झालेल्या माजी सैनिकांच्या संघटनेविरुद्ध निकाल दिला. सरकारी पैसा विमानतळांना मिळतो, विमान कंपन्यांना थेट मिळत नाही; त्यामुळे सरकारी मदत घेणाऱ्या संस्थांना लागू असलेला अपंगांविरुद्धच्या भेदभावाला मनाई करणारा कायदा या कंपन्यांना लागू होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तेव्हा व्हीलचेअरवरच्या किंवा अंध प्रवाशाला विमानात घेण्यास नकार देणं ही नित्याची गोष्ट होती. निकालानंतर काही महिन्यांतच संसदेने ‘एअर कॅरियर अ‍ॅक्सेस अ‍ॅक्ट’ मंजूर करून ही पळवाट बुजवली. अंध माणसाचा मार्गदर्शक कुत्रा त्याच्या पायाशी बसून हक्काने प्रवास करू लागला तो याच कायद्याच्या आधारे. हा कायदा अपंगांनी भांडून मिळवलेला आहे, हे ध्यानात ठेवलं की पुढच्या वादात नुकसान नेमकं कोणाचं झालं तेही कळतं.

मार्गदर्शक कुत्रा ही साधी चीज नाही. न्यू जर्सीतल्या ‘द सीइंग आय’ या १९२९ साली सुरू झालेल्या संस्थेपासून आजपर्यंत या प्रशिक्षणाचं एक शास्त्रच तयार झालं आहे. पिल्लू आधी एखाद्या कुटुंबात वाढतं, माणसांत, गोंगाटात, वाहनांत फिरतं. मग प्रशिक्षकाकडे महिनोन्‌महिने शिकतं. समोर खाणं पडलं तरी तोंड घालायचं नाही, दुसरा कुत्रा भुंकला तरी उत्तर द्यायचं नाही, तासन्‌तास पायाशी निपचित पडून राहायचं. मालकाने ‘चल’ म्हटलं तरी समोर खड्डा असेल तर जागचं हलायचं नाही, इथपर्यंत हे शिक्षण जातं. शिकायला घेतलेल्या कुत्र्यांपैकी अनेक शेवटपर्यंत टिकत नाहीत. आधाराच्या प्राण्याकडून असं काहीच अपेक्षित नव्हतं. त्याने नुसतं असावं, एवढंच त्याचं काम. २००३ मध्ये अमेरिकी परिवहन खात्याने मार्गदर्शक सूचना काढून अशा प्राण्यांनाही विमानापुरता सेवेतल्या प्राण्यांचा दर्जा दिला. २००८ च्या नियमांत तज्ज्ञाचं पत्र आणि ४८ तास आधी सूचना, या अटी आल्या. म्हणजे तपासणी झाली ती मालकाच्या आजाराची. कुत्रा तीनशे माणसांनी भरलेल्या बंद नळीत कसा वागेल, हे कोणी तपासायचं याचं उत्तर नियमात नव्हतं. इतर सार्वजनिक ठिकाणांसाठीच्या १९९० च्या अपंग हक्क कायद्यात आधाराच्या प्राण्यांना स्थान नाही. त्यामुळे जो कुत्रा उपाहारगृहाच्या दारात अडवता येई, त्याला विमानात मात्र घ्यावंच लागे.

परिणाम व्हायचा तो झाला. अमेरिकी विमान कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार आधाराच्या प्राण्यांची संख्या २०१६ मधल्या ४ लाख ८१ हजारांवरून २०१७ मध्ये ७ लाख ५१ हजारांवर गेली. एका वर्षात देशातले मानसिक आजार निम्म्याहून जास्त वाढत नाहीत. वाढला होता तो पत्रांचा बाजार. प्रश्नावली भरा, शे-दीडशे डॉलर द्या, पत्र घरपोच घ्या, अशी दुकानं इंटरनेटवर उघडली होती. एका पत्रावर वर्षभर कितीही वेळा उडता येत असल्याने दोनदा प्रवास केला तरी पैसे वसूल होत. मिसूरी विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये आपल्याच व्यवसायबंधूंना सावध करणारा शोधनिबंध लिहिला. त्यांचा मुद्दा असा, की रुग्णावर उपचार करणं वेगळं आणि त्याला अमुक सवलतीची गरज आहे असा त्रयस्थ दाखला देणं वेगळं. उपचार करणारा रुग्णाच्या बाजूचा असतो, त्याला नाही म्हणणं जड जातं. शिवाय या प्राण्याने या माणसाचा आजार खरोखर हलका होतो की नाही, हे ठरवण्याची प्रमाणित पद्धतही त्याच्या हाताशी नसते. या पत्राची किंमत किती होती ते एवढ्यावरून समजावं. पत्र देणारे सगळे लबाड होते असं मी म्हणत नाही, पण खरं पत्र आणि खोटं पत्र वेगळं काढण्याचं साधन कोणाकडेच नव्हतं.

नेवार्क विमानतळावर २०१८ मध्ये आधाराचा प्राणी म्हणून आणलेला मोर अडवला गेला, त्याची बातमी जगभर पोचली आणि सगळा विषय थट्टेवारी गेला. मला ती घटना गौण वाटते. महत्त्वाची घटना जून २०१७ मधली आहे. अटलांटाहून निघणाऱ्या विमानात खिडकीजवळ बसलेल्या एका प्रवाशाच्या चेहऱ्याचा शेजाऱ्याच्या आधाराच्या कुत्र्याने चावा घेतला. त्याला २८ टाके पडले. मधल्या सीटवर कुत्र्याचा मालक, त्याच्या मांडीवर मोठा कुत्रा, अलीकडे भिंत. त्या माणसाला सरकायलाही जागा नव्हती. याच काळात केबिन क्रूच्या एका मोठ्या संघटनेने सुमारे पाच हजार सदस्यांना विचारलं, तेव्हा ६१ टक्के जणांनी सांगितलं की आधाराच्या प्राण्यामुळे गोंधळ झालेल्या विमानात आपण काम केलं आहे. भुंकणं, अंगावर जाणं, घाण करणं, असे ते प्रकार. यात सगळ्यात मोठी झळ बसली ती अंध प्रवाशांना. विमानतळावरच्या अशिक्षित कुत्र्याने मार्गदर्शक कुत्र्यावर एकदा हल्ला केला, की तो शिकलेला कुत्रा पुढे इतर कुत्र्यांना बिचकू लागू शकतो आणि कामातूनच जाऊ शकतो. दोन वर्षांची मेहनत तर जातेच, अंध माणसाचे डोळेही पुन्हा जातात. शिवाय प्रत्येक कुत्र्याकडे संशयाने पाहण्याची सवय कर्मचाऱ्यांना लागली आणि उलटतपासणी खऱ्या अपंगांच्या वाट्याला आली.

यावर पहिला आक्षेप असा, की दिसत नाही म्हणून तुम्ही मानसिक आजार खोटा ठरवता. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्यातला अर्धा भाग पूर्ण खरा आहे. प्राण्याच्या सहवासाने माणसाला बरं वाटतं, यात शंका घेण्याचं कारण नाही. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दहा मिनिटं कुत्र्यामांजरांना कुरवाळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लाळेतलं तणावाचं संप्रेरक मोजून पाहिलं, तर ते इतरांपेक्षा कमी भरलं. त्याहून वजनदार पुरावा अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचा आहे. संसदेच्या आदेशावरून झालेल्या या अभ्यासात, आघातानंतरचा मानसिक विकार (पीटीएसडी) जडलेल्या माजी सैनिकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला खास कामं शिकवलेले कुत्रे दिले, दुसऱ्याला नुसते आधाराचे. कुत्रे मिळालेल्या १८१ जणांची दीड वर्ष पाहणी केली. सुधारणा दोन्ही गटांत दिसली. दैनंदिन कामांतली अडचण आणि जगण्याची गुणवत्ता या दोन मुख्य कसोट्यांवर दोन्ही गटांत ठळक फरक निघाला नाही. आजाराची लक्षणं आणि आत्महत्येचे विचार मात्र शिकवलेल्या कुत्र्यांच्या गटात काहीसे कमी आढळले.

आधाराचे प्राणी म्हणजे थोतांड, असं म्हणणाऱ्यांना हा अभ्यास गप्प करतो. पण त्यातून विमानातला हक्क सिद्ध होतो का? नाही. एक तर हा लाभ घरात, महिनोन्‌महिने एकत्र राहून मिळालेला आहे. चार तासांच्या उड्डाणाचा तिथे प्रश्नच नव्हता. आणि दुसरं, या अभ्यासातले ‘नुसते आधाराचे’ कुत्रेसुद्धा शिस्तीची चाचणी उत्तीर्ण झालेले होते. अनोळखी माणूस जवळ आला, गर्दीतून जावं लागलं, दुसरा कुत्रा समोर आला तरी शांत राहायचं, ही ती चाचणी. लाभ खरा होता आणि प्राणीही पारखलेला होता. विमानाच्या दाराशी यातली पहिली गोष्ट तपासली जाई आणि दुसरी सोडून दिली जाई. माझ्या मते केबिनमध्ये नेमकी दुसरीच निर्णायक ठरते. मालकाला किती बरं वाटतं हा त्याचा आणि त्याच्या डॉक्टरचा विषय आहे. शेजारच्या प्रवाशाला, त्याच्या मुलाला, अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला, क्रूला ज्याच्याशी कर्तव्य आहे ते प्राण्याचं वागणं. जमिनीवर नको असलेल्या कुत्र्यापासून दोन पावलं बाजूला होता येतं. दोन सीटच्या रांगांमध्ये जेमतेम ३० इंच अंतर असलेल्या विमानात तेही शक्य नसतं.

परिवहन खात्याने डिसेंबर २०२० मध्ये नियम जाहीर केला आणि ११ जानेवारी २०२१ पासून लागू केला, त्यात हेच तत्त्व आहे. त्याआधीच्या मसुद्यावर १५ हजारांहून जास्त लोकांनी मतं कळवली होती. नव्या नियमानुसार हक्काने केबिनमध्ये येऊ शकतो तो फक्त कुत्रा, आणि तोही अपंग व्यक्तीसाठी ठरावीक काम शिकवलेला. अपंगत्व शारीरिक असो की मानसिक, दोघांना एकच कसोटी. या शेवटच्या मुद्द्याची चर्चा फारशी झाली नाही, पण मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. पूर्वी मानसिक आजारासाठी शिकवलेल्या कुत्र्याच्या मालकालाही आधाराच्या प्राण्यासारखंच डॉक्टरचं पत्र दाखवावं लागे, अंध व्यक्तीला ते लागत नसे. म्हणजे जुन्या व्यवस्थेत मानसिक रुग्णाला सवलत होती, पण बरोबरी नव्हती. पॅनिक अ‍ॅटॅकची चाहूल लागताच मालकाच्या छातीवर दाब देणारा, दुःस्वप्नातून जागं करणारा, औषधाची वेळ झाली की आठवण करणारा कुत्रा आता मार्गदर्शक कुत्र्याच्या रांगेत बसतो. कुत्र्याचं आरोग्य, प्रशिक्षण आणि वागणूक यांची हमी देणारा अर्ज मालकाने भरायचा. खोटी माहिती देणं हा केंद्रीय कायद्याखाली गुन्हा आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो मला अधिक बोचतो. असा शिकवलेला कुत्रा मिळवायला हजारो डॉलर लागतात, सेवाभावी संस्थांकडे प्रतीक्षायादी मोठी असते. गरीब रुग्णाला परवडत होता तो साधा घरचा कुत्रा आणि त्याची सोबत. तीच तुम्ही काढून घेतलीत, असं टीकाकार म्हणतात. नव्या नियमाने विमान कंपन्यांना आर्थिक फायदा होईल, असा अंदाज खुद्द परिवहन खात्याने मांडला होता. तो फायदा कुठून आला हे उघड आहे. माझं उत्तर असं, की अमेरिकेच्या कायद्यात प्रशिक्षण संस्थेकडूनच घेतलं पाहिजे असं बंधन नाही. मालक स्वतः कुत्र्याला शिकवू शकतो. तो मार्ग खुला ठेवला आहे हे चांगलं आहे, पण आजारी माणसाने एकट्याने हे करावं ही अपेक्षा जास्तीची आहे. माजी सैनिकांसाठी २०२१ मध्येच वेगळा कायदा करून कुत्रे शिकवण्याच्या प्रायोगिक कार्यक्रमाला सरकारने हात दिला. तसाच हात इतर रुग्णांनाही द्यायला हवा. प्रशिक्षणाचा खर्च मोठा आहे म्हणून प्रशिक्षणाची अटच काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नाही. त्याने खर्च नाहीसा होत नाही, तो शेजारच्या सीटवर आणि अंध प्रवाशाच्या कुत्र्यावर जाऊन पडतो.

आता वादाच्या त्या मुळाकडे, प्राण्यांच्या प्रवासाच्या व्यवस्थेकडे, येऊ. लाखो सरळमार्गी माणसं असं पत्र विकत घ्यायला का गेली? सव्वाशे डॉलर वाचवायला, हे एक कारण. दुसरं कारण भीतीचं होतं. सीटखाली न मावणारा कुत्रा विमानाच्या पोटातल्या मालाच्या कप्प्यात जातो. २०१७ मध्ये अमेरिकी कंपन्यांनी वाहून नेलेल्या पाच लाखांहून अधिक प्राण्यांपैकी २४ दगावले, त्यातले १८ एकाच कंपनीच्या ताब्यात होते. प्रमाण लहान आहे, पण तो कुत्रा आपला असेल या विचाराने माणूस हादरतो, आणि एका कंपनीत मृत्यू इतके जास्त होतात याचा अर्थ काळजी घेतली तर ते टळू शकतात. उन्हात तापलेली धावपट्टी, लांबलेला खोळंबा, चपट्या नाकाच्या जातींना होणारी धाप, ही कारणं सगळ्यांना माहीत आहेत. मार्च २०१८ मध्ये तर शुल्क भरून केबिनमध्ये नेलेलं फ्रेंच बुलडॉगचं पिल्लू पिंजऱ्यासह वरच्या सामानाच्या कप्प्यात ठेवायला लावलं गेलं आणि उतरेपर्यंत ते मेलेलं होतं. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर धडकेनंतर पेटलेल्या जपान एअरलाइन्सच्या विमानातून सगळेच्या सगळे ३७९ जण बाहेर पडले. मालाच्या कप्प्यातले दोन पाळीव प्राणी वाचले नाहीत. त्यानंतर जपानमध्ये प्राण्यांना केबिनमध्ये घ्या, अशी मागणी जोर धरू लागली. त्या विशिष्ट प्रसंगी केबिनमध्ये असूनही पिंजरा उचलून पळणं शक्य झालं नसतं. निम्मी दारं बंद असताना ९० सेकंदांत विमान रिकामं करता आलं पाहिजे, ही कसोटी हातात काहीही न घेता धावण्याची आहे. पण एरवीच्या प्रवासात, उष्मा आणि हेळसांड यांपासून लहान प्राण्याला केबिन नक्कीच वाचवते.

म्हणून माझी मागणी अशी, की हक्क शिकलेल्या कुत्र्याला द्यावा आणि न शिकलेल्या लहान प्राण्यासाठी साधी, स्वस्त, प्रामाणिक सोय करावी. पिंजरा सीटखाली मावेल, लसीकरण झालेलं असेल, एका विमानात ठरावीक संख्या असेल आणि शुल्क सीटखालच्या जागेशी सुसंगत असेल, तर खोटं पत्र आणण्याचं कारणच उरत नाही. मोठा प्राणी मालाच्या कप्प्यात पाठवणाऱ्या कंपनीने मृत्यूंचे आकडे दर महिन्याला जाहीर करावेत. अमेरिकेत तसा नियम आहे. प्राण्याच्या बाजूनेही विचार व्हावा. केबिनमधला हवेचा दाब आठ हजार फुटांच्या उंचीवरच्या दाबाइतका खाली जाऊ शकतो, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा कितीतरी वर. त्यात इंजिनांचा अखंड आवाज आणि कुत्र्याचे तीक्ष्ण कान. घरात मालकाला शांत करणारा कुत्रा इथे स्वतःच घाबरलेला असू शकतो, आणि घाबरलेला कुत्रा चावतो.

भारतात या प्रश्नाला अजून कायद्याचं वळण लागलेलं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार हे अपंगत्व म्हणून मान्य झालं आहे. अंधांच्या मार्गदर्शक कुत्र्याला विमानात जागा आहे, पण आधाराच्या प्राण्याचा वेगळा हक्क नाही. केबिनमध्ये पाळीव प्राणी नेऊ देणाऱ्या कंपन्या मोजक्याच. एअर इंडियाच्या जोडीला नोव्हेंबर २०२२ पासून अकासा एअरने पिंजऱ्यासह सात किलोपर्यंतची परवानगी दिली आणि पुढे ती दहा किलोंवर नेली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावर प्रशिक्षित कुत्रे प्रवाशांना भेटवण्याचा उपक्रमही झाला. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळांवर असे उपक्रम २०१३ पासून आहेत. उड्डाणाची धास्ती असलेल्याला कुत्र्याच्या मायेचा लाभ तिथे मिळतो आणि केबिनमध्ये कोणावर भार पडत नाही. पुण्याहून किंवा नाशिकहून अमेरिकेत स्थायिक व्हायला निघालेल्या कुटुंबांनी एक ध्यानात ठेवावं: अमेरिकेच्या रेबीज-जोखमीच्या यादीत भारत वरच्या गटात आहे, आणि ऑगस्ट २०२४ पासून तिथे शिरणारा कुत्रा किमान सहा महिन्यांचा, मायक्रोचिप बसवलेला आणि रेबीजच्या लसीची खात्रीशीर कागदपत्रं असलेला लागतो. आधाराच्या पत्राने यातलं काहीही माफ होत नाही, सेवेत शिकलेल्या कुत्र्यालाही नाही. आपल्याकडे प्रवासी वाढत आहेत, पाळीव प्राणी वाढत आहेत, आणि ऑनलाइन पत्रं विकणाऱ्यांना सीमा आडव्या येत नाहीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मानसिक आजारासाठी शिकवलेल्या कुत्र्याला मार्गदर्शक कुत्र्याच्या बरोबरीने स्पष्ट मान्यता द्यावी, आणि लहान प्राण्यांसाठी सर्व कंपन्यांना लागू होईल असा वजनाचा, पिंजऱ्याचा आणि शुल्काचा एकच नियम, पत्रांचा बाजार इथे उभा राहण्याआधी, करून टाकावा.